पाहुण्यांच्या वह्या : जर्मनीतली इतिहास-संग्रहालयं आणि आपले विद्यार्थी

(स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि जमेल तेव्हा वर्गाच्या भिंतींबाहेर नेऊन शिकवला. मुलं सहलीहून परतली की बाई त्यांच्या वह्या मागून घेत. ‘खूप काही शिकायला मिळालं’ असं वाक्य दिसलं की समासात एकच शब्द लिहीत : ‘काय?’ संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला त्यांचा तो समासातला प्रश्न आठवला आणि विषय ठरला.

मी जर्मन शिकवते. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. इथल्या शाळांतली मुलं आदानप्रदान कार्यक्रमातून जर्मनीत जातात, तिथल्या कुटुंबांत राहतात, तिथल्या शाळेत बसतात. इंजिनिअरिंग झाल्यावर मास्टर्ससाठी जर्मनीला गेलेला मुलगा किंवा मुलगी तर आता प्रत्येक सोसायटीत सापडेल. ही मुलं बर्लिन, वायमार, म्युनिक इथली इतिहासाची संग्रहालयं आणि स्मृतिस्थळं पाहतात आणि त्यावर लिहितात. शाळेतल्या मुलांना प्रकल्प म्हणून लिहावंच लागतं. मोठी मुलं आपणहून लांबलचक ईमेल पाठवतात. हे लेखन मी बरीच वर्षं वाचत आले आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. इतिहासाचं संग्रहालय ही कुणीतरी, एका विशिष्ट काळात, विचारपूर्वक केलेली मांडणी असते. परक्या देशातल्या त्या मांडणीत आपल्या मुलांचा अभिमान गुंतलेला नसतो, अपराधही गुंतलेला नसतो. म्हणून मांडणी कशी वाचायची हे शिकायला याहून चांगली जागा नाही. आणि ही संधी आपण, म्हणजे शिक्षक आणि पालक, बहुतेक वेळा वाया घालवतो.

मुलं जाताना काय घेऊन जातात, ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धाची पाठ्यपुस्तकातली काही पानं त्यांनी वाचलेली असतात. त्यापलीकडे ‘हिटलर’ हे नाव त्यांच्या कानावर पडलेलं असतं ते कडक हेडमास्तरांचं, धाक दाखवणाऱ्या काकांचं टोपणनाव म्हणून. २०११ साली आपल्याकडे एका हिंदी मालिकेचं नाव ‘हिटलर दीदी’ होतं आणि घराघरांत ती पाहिली गेली. पुण्यामुंबईच्या फुटपाथवर ‘माइन काम्फ’ आजही व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. ‘देशाला शिस्त लावणारा माणूस’ हे वाक्य मी पालकसभेत ऐकलेलं आहे. सोळा वर्षांचं पोर हे सगळं मनात घेऊन विमानात बसतं. त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या सामानात हे आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

मग ते बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात जातं. २००१ साली खुली झालेली डानिएल लिबेस्किंड यांची ही जस्ताच्या पत्र्याने मढवलेली, नागमोडी इमारत आता जगप्रसिद्ध आहे. आत जायला स्वतंत्र दरवाजा नाही. शेजारच्या जुन्या बरोक इमारतीतून जिना उतरून जमिनीखालून जावं लागतं. बाहेरच्या एका बागेत काँक्रीटचे ४९ उंच खांब उभे आहेत आणि खालची जमीन तिरकी आहे, त्यामुळे चालताना भोवळ आल्यासारखं होतं. एका अरुंद, उंच पोकळीत मेनाशे कादिशमन या इस्रायली शिल्पकाराचं काम आहे. जाड लोखंडी पत्र्यातून कापलेले, तोंड उघडं असलेले दहा हजारांहून अधिक चेहरे जमिनीवर पसरलेले आहेत. त्यावरून चालत जायचं असतं. पाऊल पडलं की लोखंडावर लोखंड आपटतं आणि तो आवाज वर घुमत जातो.

वह्यांमध्ये सगळ्यात जास्त पानं या चेहऱ्यांवर असतात आणि ते साहजिक आहे. काही मुलं त्यावर पाय ठेवायला तयार होत नाहीत, काठाशीच उभी राहतात, आणि तसं लिहितातही. मला ते लेखन प्रामाणिक वाटतं. तरी माझी एक काळजी आहे. त्या पोकळीतून बाहेर पडल्यावर वरच्या मजल्यांवर मोठं प्रदर्शन आहे. जर्मन भूमीवर ज्यू वस्तीचा पहिला लेखी उल्लेख इसवी सन ३२१ मधला, कोलोनचा. तेव्हापासूनचे व्यापारी, वैद्य, गृहिणी, बर्लिनमध्ये राहिलेले मोझेस मेंडेल्सझोन यांच्यासारखे तत्त्वज्ञ, सण, स्वयंपाकघरं, भांडणं, सुधारणा हे सगळं तिथे आहे. मुलं तोवर थकलेली असतात, बस लागलेली असते, आणि वर जायचं राहून जातं. मग वहीत ज्यू माणूस येतो तो फक्त मरण्यासाठी. सतराशे वर्षं जगलेला समाज बारा वर्षांच्या मरणात संपून जातो.

रायगड जिल्ह्यातल्या एका मुलाच्या वहीत मात्र मला वेगळं काही सापडलं. त्याचं आजोळ अलिबागचं. तिथल्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल, हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. मराठी बोलणारी ती माणसं आणि बर्लिनच्या या संग्रहालयातली नावं एकाच परंपरेतली, हे त्याला त्या वरच्या मजल्यावर एका मेणबत्तीदानासमोर उमगलं. त्याने त्या मेणबत्तीदानाचं चित्र काढलं आणि खाली आजीने सांगितलेली त्या आळीतली दोन घरं लिहिली. त्या वर्षीच्या वह्यांमधलं ते पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

बर्लिनच्या नैर्ऋत्येला वान्झे तळ्याकाठी एक हवेली आहे. २० जानेवारी १९४२ रोजी तिथे नाझी राजवटीचे पंधरा उच्चाधिकारी जमले. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांकडे डॉक्टरेट होती. बैठक साधारण दीड तास चालली. हत्या तोवर सुरू झालेल्या होत्याच. आता सगळ्या खात्यांनी मिळून युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची व्यवस्था कशी लावायची, यावर तिथे बोलणं झालं. टिपणं तयार केली आडोल्फ आइखमनने. त्याच्या तीस प्रती निघाल्या, त्यांपैकी एकच, सोळाव्या क्रमांकाची, १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या कागदांत सापडली. आज ती पानं तिथे वाचता येतात. एका पानावर देशवार यादी आहे. डावीकडे देश, उजवीकडे आकडा. इंग्लंड ३,३०,०००; इंग्लंड तर जर्मनीच्या ताब्यातही नव्हतं. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियापुढे आकडाच नाही, ‘ज्यूमुक्त’ असं लिहिलं आहे. खाली बेरीज : एक कोटी दहा लाखांहून अधिक.

पुरवठा साखळी व्यवस्थापन शिकायला गेलेल्या एका मुलाने मला या पानाबद्दल लिहिलं होतं. लोखंडी चेहऱ्यांनी तो हलला होता, पण या यादीने त्याची झोप उडवली, कारण हा तक्ता त्याला ओळखीचा वाटला. तो रोज असेच तक्ते करतो : ठिकाण, संख्या, एकूण. अल्बानियाच्या दोनशे माणसांची नोंदही ज्याने चुकवली नाही, तो आपल्या कामात चोख होता, हे त्याला असह्य झालं. हा मुलगा इतिहासाचा विद्यार्थी नाही. पण कागद कसा वाचावा, हे त्या दिवशी त्याला कळलं होतं.

आपल्या वह्यांत एक वाक्य हमखास येतं : जर्मनांनी आपली चूक किती मोकळेपणाने कबूल केली! त्यात कौतुक आहे आणि ते योग्यही आहे. पण हे कबूल करणं कुणी केलं, कधी केलं आणि त्याला किती विरोध झाला, ते लिहिलं जात नाही. वान्झेच्या या हवेलीचंच पाहा. युद्धानंतर, १९५२ पासून १९८८ पर्यंत, तिथे नॉयकोल्न भागातल्या शाळांच्या मुलांचं सहलीचं वसतिगृह होतं. आउशविट्झमधून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी १९६०च्या दशकात, इथे नाझी गुन्ह्यांचं दस्तऐवज केंद्र करा, म्हणून खटपट केली. त्यांना इमारत मिळाली नाही. १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. स्मृतिस्थळ उघडलं १९९२ मध्ये, बैठकीला पन्नास वर्षं झाली तेव्हा; तिथल्या ग्रंथालयाला आता वुल्फ यांचं नाव आहे. मुलांनी ही तारीख लिहून आणावी असा माझा आग्रह असतो. १९४२ बरोबर १९९२ सुद्धा.

आता बुखेनवाल्डकडे वळते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

जर्मन शिकणाऱ्या कोणाही मराठी मुलाला वायमारला जायची ओढ असते. गटेचं घर, शिलरचं घर, नॅशनल थिएटरसमोरचा दोघांचा पुतळा. १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळाही याच गावात सुरू झाली. तिथून सिटी बसने थोडक्या वेळात एटर्सबर्गची टेकडी चढली की बुखेनवाल्डची छळछावणी. जुलै १९३७ मध्ये ती सुरू झाली. सुमारे २,८०,००० माणसं तिथे कोंडली गेली, सुमारे ५६,००० मेली. फाटकावर लोखंडात घडवलेली अक्षरं आहेत : ज्याला त्याला त्याच्या वाट्याचं. ती बाहेरून उलटी दिसतात. आत उभ्या राहिलेल्या कैद्याला वाचता यावीत अशी बसवलेली आहेत. त्यांची रेखाटणी करायला लावली होती फ्रान्झ एर्लिख या कैद्याला, जो स्वतः बाउहाउसचा विद्यार्थी होता. कुंपणाला लागून एक छोटं प्राणिसंग्रहालय होतं. छावणी चालवणाऱ्या एसएसच्या लोकांनी ते १९३८ मध्ये स्वतःच्या आणि आपल्या कुटुंबांच्या विरंगुळ्यासाठी बांधून घेतलं. अस्वलांच्या खंदकाचे दगड आजही आहेत. तिथे उभं राहून मान वळवली की दहनभट्टीची चिमणी दिसते, इतकं ते जवळ आहे.

हे सगळं मुलांच्या वहीत येतं. पण बुखेनवाल्डची खरी शिकवण माझ्या मते यानंतर सुरू होते, कारण या एकाच टेकडीवर इतिहास एकापेक्षा जास्त वेळा मांडला गेला आहे आणि त्या सगळ्या मांडण्या आजही पायी फिरून पाहता येतात.

युद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला. सप्टेंबर १९५८ मध्ये तिथल्या सरकारने टेकडीच्या दक्षिण उतारावर भव्य स्मारक उभारलं : उंच घंटा मनोरा, रुंद पायऱ्या, फ्रिट्झ क्रेमरचा कैद्यांचा शिल्पगट. शिल्पातली माणसं कृश आहेत, पण मुठी वळलेली, झेंडा हातात. सांगितलेली गोष्ट अशी की कम्युनिस्ट कैद्यांनी लढा दिला, छावणी मुक्त केली आणि त्या शपथेतून नवा समाजवादी देश जन्मला. कम्युनिस्ट नेते एर्न्स्ट टेलमान यांना १९४४ मध्ये इथे मारलं गेलं, ते या गोष्टीचे हुतात्मा. कैद्यांची गुप्त संघटना होती, हे खरं आहे. पण ज्यू, सिंती आणि रोमा, समलिंगी पुरुष, ‘आळशी’ किंवा ‘समाजविघातक’ ठरवून डांबलेले गरीब लोक, हे सगळे त्या गोष्टीत कडेला राहिले. पूर्व जर्मनीतल्या शाळांच्या पिढ्यान्‌पिढ्या या पायऱ्यांवर आणल्या गेल्या, तिथे शपथा घेतल्या गेल्या.

आणखी एक गोष्ट तिथे कुणी उच्चारायची नव्हती. ऑगस्ट १९४५ ते फेब्रुवारी १९५० या काळात त्याच बराकींत सोव्हिएत लष्कराची ‘विशेष छावणी क्रमांक २’ होती. खटल्याशिवाय सुमारे २८,००० माणसं तिथे ठेवली गेली, ७,०००हून अधिक भुकेने आणि रोगाने मेली. त्यांत नाझी पक्षाचे खालच्या पातळीवरचे बरेच कार्यकर्ते होते, आणि नुसत्या संशयावरून उचललेलेही होते. प्रेतं जवळच्या जंगलात पुरली. चाळीस वर्षं त्याबद्दल एक फलक नव्हता. १९८९ नंतर इतिहासकारांची समिती नेमली गेली. सोव्हिएत छावणीचाही इतिहास सांगायचा, पण नाझी छावणीच्या इतिहासाशी त्याची बरोबरी करायची नाही, असं तिने ठरवलं. १९९५ मध्ये नवं प्रदर्शन आलं, १९९७ मध्ये सोव्हिएत छावणीचं वेगळं, जरा बाजूला, खालच्या अंगाला. २०१६ मध्ये मुख्य प्रदर्शन पुन्हा नव्याने झालं. जंगलात आता जिथे प्रेतं सापडली तिथे धातूचे साधे खांब उभे केले आहेत.

एका विद्यार्थिनीने या दोन प्रदर्शनांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि वहीत नकाशा काढला. कोणती इमारत उंचावर आहे, कोणती खाली, कोणत्या वाटेने आधी कुठे पोचतो. तिचा प्रश्न होता : दुसरी छावणी खाली, आडबाजूला का? हे योग्य आहे की पुन्हा लपवणं आहे? मी तिला उत्तर दिलं नाही, कारण जर्मन इतिहासकारांतही यावर वर्षानुवर्षं खडाजंगी झाली आहे. पण तिने प्रश्न नेमक्या जागी विचारला होता. इमारत कुठे बांधली, हे सुद्धा एक विधान असतं, हे तिला चालता चालता दिसलं.

तिथले मार्गदर्शक अशा प्रश्नांना बिचकत नाहीत, त्यामागे एक परंपरा आहे. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख नावाच्या गावी पश्चिम जर्मनीतले राज्यशास्त्र-शिक्षणाचे जाणकार जमले होते. त्यांच्यात राजकीय मतभेद टोकाचे होते. तरी काही तत्त्वांवर एकमत झालं आणि ती आजही तिथल्या शाळांत आणि स्मृतिस्थळांत पाळली जातात. विद्यार्थ्याला भारावून टाकून आपलं मत त्याच्या गळी उतरवायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला परिस्थितीत स्वतःची जागा आणि हित ओळखून विचार करता आला पाहिजे. हिटलरच्या सभांतले मशालींचे झोत अनुभवलेल्या देशाला ‘भारावून टाकण्या’ची एवढी धास्ती का वाटते, ते वेगळं सांगायला नको. मात्र आपली मुलं येतात ती भारावून जाण्याच्या तयारीनेच. ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहिलं की गुण मिळतात, हे आपणच त्यांना दहा वर्षं शिकवलेलं असतं. मग पाणी न आलेली मुलंही तेच लिहितात. मार्गदर्शक त्यांना विचारतो, तुम्हाला इथे काय दिसतं? आणि मुलं शिक्षकांकडे पाहू लागतात.

संग्रहालयाबाहेरचंही एक लिहायला हवं. आदानप्रदानातली मुलं जर्मन घरांत राहतात. एका मुलीने ती राहिली त्या घराच्या जिन्यावरचा फोटो वहीत नोंदवला होता : गणवेशातले पणजोबा. दिवसभर बुखेनवाल्ड पाहून आल्यावर तिने रात्री जेवताना, भीत भीत, त्यांच्याबद्दल विचारलं. घरच्यांनी प्रेमाने सांगितलं की ते साधे होते, रशियाच्या आघाडीवर होते, राजकारणात नव्हते. त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. जर्मन अभ्यासक हाराल्ड वेल्त्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषय हाच आहे. इतिहासाची चांगली माहिती असलेली नातवंडंसुद्धा स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगताना त्यांना नकळत निर्दोष, कधी कधी तर वीर करून टाकतात, असं त्यांना अनेक कुटुंबांत आढळलं. देशाचं संग्रहालय एक सांगतं आणि घरातला अल्बम दुसरं. आपली मुलगी पाहुणी होती म्हणून तिला ही फट दिसली. त्या कुटुंबाला नावं ठेवावीत असं तिला वाटलं नाही, मलाही वाटत नाही. ती घरी आली आणि तिने स्वतःच्या आजोबांना विचारलं की १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर, आपल्या गावात जी घरं जळली, तेव्हा आपल्या घरातले लोक कुठे होते. त्या संभाषणाबद्दल वहीत एकच ओळ आहे. पुढचं पान कोरं आहे.

वसाहतींच्या बाबतीत जर्मनीची कबुली बरीच उशिरा आली. आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार झाला, त्याला जर्मन सरकारने वंशसंहार म्हटलं ते मे २०२१ मध्ये. बर्लिनच्या मध्यभागी जुन्या राजवाड्याच्या जागी उभारलेल्या हुम्बोल्ट फोरममध्ये हा सगळा वाद अंगावर येतो. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहरातून लुटलेली पितळी शिल्पं तिथे आहेत. २०२२ मध्ये बर्लिनच्या संग्रहातल्या पाचशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्यात आली, काही परत गेल्या, काही तिथेच उसन्या म्हणून ठेवल्या आहेत. आपली मुलं इथे एकदम बोलकी होतात, कोहिनूरपासून सुरू करतात. ते ठीक आहे. मला मात्र त्यांना इथून नैर्ऋत्येकडे, डाहलेम भागातल्या एका इमारतीकडे न्यायचं असतं.

इहनेश्ट्रासे २२. आज तिथे बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९२७ मध्ये ही वास्तू उभी राहिली ती कायझर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजनन या शाखेसाठी. पहिले संचालक ओयगेन फिशर. नामिबियातल्या रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांवर १९०८ मध्ये केलेल्या अभ्यासातून त्यांनी नाव कमावलं होतं, आणि त्यांचे सिद्धांत पुढे नाझींच्या वांशिक कायद्यांना कामी आले. नंतरच्या काळात नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले आउशविट्झमधून मृतांचे अवयव याच संस्थेत पाठवत असे. १९८८ मध्ये दारावर एक फलक लागला. २०१४ मध्ये जवळच रस्त्याचं काम करताना हाडं निघाली. पुढच्या उत्खननांसह मानवी हाडांचे सुमारे सोळा हजार तुकडे मिळाले. ती कुणाची, हे शोधताना त्यांना पुन्हा वंशानुसार विभागायचं नाही असं ठरलं, आणि मार्च २०२३ मध्ये ती डाहलेमच्या दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली. २०२४ मध्ये त्याच इमारतीत या इतिहासाचं कायमचं प्रदर्शन सुरू झालं.

या इमारतीत १९२८ मध्ये पुण्याची एक विद्यार्थिनी शिकायला आली होती. इरावती कर्वे. मुंबईला घुर्ये यांच्याकडे एमए करून, दिनकर कर्वे यांच्याशी लग्न झाल्यानंतर, त्या फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करायला बर्लिनला गेल्या. विषय होता मानवी कवटीची असममिती. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, युरोपीय माणूस त्यात वेगळा ठरतो, अशी गाइडची धारणा होती. इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्यांत युरोपातल्या होत्या आणि जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्याही. मोजमापांतून तसा संबंध निघाला नाही. त्यांनी तसं लिहिलं. त्या वेळी त्या पंचविशीच्या आतबाहेर होत्या, परक्या देशात, परक्या भाषेत, आणि गाइड त्या शास्त्रातला सर्वांत वजनदार माणूस होता. १९३० मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या. पुढे डेक्कन कॉलेजातल्या इरावतीबाई आणि ‘युगान्त’ आपण सगळे ओळखतो.

मराठी मुलांना मी ही जागा दाखवायचा हट्ट धरते, कारण इथे ती निव्वळ पाहुणी राहत नाहीत. त्या आफ्रिकन कवट्या कुणाच्या होत्या, कशा आणल्या, हा प्रश्न आपल्या इरावतीबाईंच्या मोजपट्टीपाशी येऊन थांबतो. पुढे भारतात परतल्यावर त्यांनीही जाती-जमातींची शरीरमापं घेतली; ते शास्त्र त्यांनी फिशर यांच्याच संस्थेत आत्मसात केलेलं होतं. त्यांचा निष्कर्ष धाडसाचा होता आणि साधनं त्या काळाची होती. दोन्ही एकाच वहीत लिहिता येतं. मुलांना ते जमतं; आपल्यालाच वाटतं की थोर माणसांबद्दल असं लिहिलं तर त्यांचा मान कमी होईल.

आणि आता घरची परीक्षा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी उसनी म्हणून आपल्याकडे आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. लोकांनी रांगा लावल्या, मीही गेले. या वाघनखांबरोबर एक पेटी आहे. ही वाघनखं ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात असताना त्याला मिळाली, आणि शिवाजी महाराजांनी अफजलखानाला मारलं ते यांनीच, असा मजकूर त्या पेटीवर आहे. ही तीच वाघनखं असल्याची खातरजमा करता येत नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतः सांगतं. बर्लिनमध्ये एका टिपणाच्या सोळाव्या प्रतीची कहाणी बारकाईने लिहून आणणाऱ्या मुलांना मी विचारलं : हा मजकूर कुणी लिहिला, कधी, कुणाला सांगण्यासाठी? वर्गात शांतता पसरली. एकाने विचारलं की असं विचारलेलं चालतं का. महाराजांवरचं त्या मुलाचं प्रेम खरं आहे, माझंही आहे. मी त्याला म्हटलं, इतिहासकार राजवाडे आणि सरदेसाई यांनी आयुष्यभर हेच विचारलं, म्हणून आज आपल्या हातात कागद आहेत. प्रतापगडावर जे घडलं त्याला अस्सल पुरावे आहेत. त्याचं मोठेपण एका पेटीवरच्या इंग्रजी मजकुरावर अवलंबून नाही. तासाभराने त्या वर्गात जी चर्चा झाली, तिच्यासाठी जर्मनीचं सगळं तिकीट वसूल झालं असं मला वाटलं.

म्हणून सहल आखणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना काही सांगते. एका दिवसात तीन संग्रहालयं ठेवू नका; एक ठेवा आणि पूर्ण दिवस द्या. जाण्याआधी त्या संग्रहालयाचा स्वतःचा इतिहास मुलांना वाचायला द्या : ते कधी उघडलं, त्याआधी तिथे काय होतं, कुणी मागणी केली, कुणी अडवलं. तिथे गेल्यावर एक फलक, फक्त एक, शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायला सांगा. फोन नको, हाताने. उतरवताना वाक्यं कशी रचली आहेत ते दिसतं. त्या खोलीत कुणाबद्दल काहीच नाही, तेही लिहू द्या. रडू आलं नाही तर आलं नाही असं लिहायची मोकळीक द्या आणि त्याचे गुण कापू नका. फोटो काढायला हरकत नाही, पण चेहऱ्यांच्या त्या लोखंडी रस्त्यावर सेल्फी काढायचा की नाही, यावर आदल्या रात्री त्यांच्यातच चर्चा होऊ द्या. ती ठरवतात ते बहुधा बरोबर असतं.

शेवटी या संस्थेच्या ग्रंथालयाला एक विनंती. या वह्या सहलीनंतर रद्दीत जातात. पुढच्या वर्षी जाणारी मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. ग्रंथालयात एक कपाट त्यांच्यासाठी मिळावं. मुलांची परवानगी घेऊन, नावं झाकून, माझ्याजवळच्या वह्या मी पुढच्या आठवड्यात आणून देते. नकाशा काढलेली ती वही, मेणबत्तीदानाचं पान आणि ते कोरं पानही त्यात असेल. जाणाऱ्या मुलांनी त्या इथे बसून वाचाव्यात आणि परत आल्यावर आपली वही शेजारी ठेवावी.